बँडेज सोडून सैल बांधले

ओळ साधीच होती. 'बोटांना सूज. बँडेज सोडून सैल बांधले. रुग्णाला आराम.' कुठल्यातरी दवाखान्यातल्या कुठल्यातरी डॉक्टरने दोन पेशंटच्या मधल्या वेळात घाईघाईने टाइप केलेली. बिलांच्या ऑफिसात अशा ओळी त्याच्या डोळ्यांखालून रोज जायच्या आणि तो त्या ओलांडून पुढे सरकायचा, कारण बँडेज सैल करण्याला कोड नव्हता. कोड नाही म्हणजे बिलात जागा नाही, आणि बिलात जागा नाही म्हणजे त्याच्या टेबलापुरतं ते घडलेलंच नाही. आजही तो ओलांडून गेलाच होता. हाताचा कोड टाकून झाला होता, बाजू टाकून झाली होती, बोट एंटरवर टेकलं होतं. आणि मग ते बोट तिथेच राहिलं. दाबलं जाईना, उचललंही जाईना. वर एसीचा गार झोत मानेवर पडत होता, शेजारच्या टेबलावरची बाई कीबोर्डवर टपटप करत होती, आणि तो त्या ओळीकडे पाहत राहिला. बँडेज सोडून. म्हणजे ते सुटतं.

तो काम करायचा ते ऑफिस दवाखान्यांची बिलं तयार करून देणारं. त्याच्या वाट्याला हात आले होते. नुसते हात, पाय दुसरीकडे, पाठ आणि मान पलीकडच्या रांगेत. कुणी घसरतं, कुणी जिन्यावरून पडतं, कुणाच्या हातावर दार आदळतं; दवाखान्यात त्याच्या हाताला आधार घालतात, आणि त्या आधाराला जे सामान लागतं, प्लास्टर, कापूस, बँडेज, त्याचं बिल विमा कंपनीकडे जातं. डॉक्टरने लिहिलेलं वाचायचं आणि ठरवायचं : हाताभोवती पूर्ण फिरवलेलं प्लास्टर की एका बाजूने दिलेला अर्धा आधार, म्हणजे स्प्लिंट. कोपराच्या वरपर्यंत की खाली. साधं प्लास्टर की हलकं, महागडं फायबर. मोठं माणूस की मूल. उजवा की डावा. प्रत्येक उत्तराला एक खूण, सगळ्या खुणांचा मिळून एक कोड. डाव्या-उजव्यात त्याची चूक कधी सापडली नव्हती. इतरांच्या मात्र तो शोधून काढायचा आणि नम्रपणे परत पाठवायचा, म्हणून ऑफिसात त्याला 'डावंउजवं' म्हणत. तोंडावर म्हणत. त्यालाही त्याचं काही वाटेनासं झालं होतं. नाव कुठलंही असलं तरी माणूस हाकेला मान वर करतोच.

पूर्ण की अर्धा, हा त्याचा दिवसातला पहिला प्रश्न असायचा आणि शेवटचाही. इतक्या वर्षांत त्याने तो किती वेळा सोडवला असेल याची गणती नाही. पण स्प्लिंट म्हणजे नक्की काय, ते हाताला कसं लागतं, ते दिसतं कसं, हे त्याने आईच्या हातावर पाहिलं त्याआधी कधी पाहिलेलं नव्हतं. आणि तेव्हाही पाहिलं असं कसं म्हणायचं? तो तर काउंटरवर भांडायला गेला होता.

आईचा उजवा हात मनगटाशी मोडला होता. ती स्टुलावर चढून माळ्यावरची बॅग काढत होती. बॅग तिला हवी होती कारण तिला धाकट्या लेकीकडे जायचं होतं. आणि पाहुणी म्हणून चार दिवस नव्हे, राहायलाच. धाकटीने लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान काढलं होतं, मागे शिवणाच्या चार मशिनी टाकल्या होत्या, आणि तिला कापणारं माणूस मिळत नव्हतं. आई सगळं आयुष्य कपड्यांच्या कारखान्यात कटिंगला होती. बायका कटिंगला घेत नसत त्या काळात तिला घेतलं होतं, कारण तिची नजर फसत नसे. टेप न लावता ती बाह्या कापायची. निवृत्त झाल्यापासून तिची कात्री कापडात गुंडाळून कपाटात होती आणि आई त्याच्या घरात होती. ती त्याचा डबा करायची, त्याच्या शर्टांची बटणं लावायची, संध्याकाळी खिडकीशी बसून खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या कपड्यांना नावं ठेवायची. कुणाचा खांदा उतरलाय, कुणाची पँट एका पायात आखूड आहे. फोनवर धाकटीचं ते दुकानाचं ऐकलं तेव्हा आईच्या आवाजात जे काही आलं ते त्याने पलीकडच्या खोलीतून ऐकलं होतं. जाईन की, का नाही जाणार, असं ती म्हणाली होती, आणि मग हसली होती. ते हसणं या घरात ऐकल्याचं त्याला आठवेना.

तेव्हापासून ती बॅग काढून दे म्हणायची आणि तो रविवारी काढतो म्हणायचा. रविवार यायचे. त्याची पाठ धरलेली असायची, किंवा माळ्यावर फार धूळ असायची, किंवा बॅगेवर दुसरं काय काय ठेवलेलं होतं ते आधी उतरवावं लागलं असतं. बॅग जड आहे, दोन माणसं लागतील, असंही तो म्हणाला होता. त्याला मुद्दाम अडवायचं होतं असं नाही. निदान तसं त्याने स्वतःशी कधी म्हटलं नाही. पण ती गेल्यावर संध्याकाळी दार उघडून आत यायचं आणि दिवा आपणच लावायचा, या विचाराशी तो आला की त्याची पाठ खरोखरच दुखायला लागायची. मग एका सकाळी त्याने स्टूल सरकवल्याचा आवाज ऐकला. तो अंथरुणात जागा होता. स्टुलाचे पाय फरशीवर कुरकुरत गेले, थांबले. आवाज कसला आहे हे त्याला स्वच्छ कळलं होतं. उठावं, असंही वाटलं. आणि तो उठला नाही. आता ती स्वतःच काढते तर काढू दे, असा एक रुसका, पोरकट विचार मनात होता, आणि तो विचार पुरता व्हायच्या आत ती पडली.

दवाखान्यात प्लास्टर घालणारा माणूस उंच, शांत आणि जरा झोपाळू होता. त्याने आईच्या चांगल्या हातावर माप धरून प्लास्टरच्या पट्ट्यांची घडी केली, कात्रीने कापली, आणि आई त्या अवस्थेतही म्हणाली की तिरकं कापलंय. तो माणूस हसला. म्हणाला, आजी, इथे कुणी तपासायला येत नाही. त्याने हाताला कापूस गुंडाळला, घडी पाण्यात बुडवून पिळली, आणि मनगटाखालून कोपरापर्यंत ओली पांढरी पट्टी बसवली. अंगठ्याच्या बुडाशी ती हाताने दाबून गोल केली. हे सगळं तिचा मुलगा कोपऱ्यात उभा राहून पाहत होता आणि त्याच्या डोक्यात आपोआप खुणा पडत होत्या : अर्धा, आखूड, प्लास्टर, मोठं माणूस, उजवा. पट्टी वाळताना तापते हे त्याला माहीत नव्हतं. गरम लागतंय, बरं वाटतंय, असं आई म्हणाली तेव्हा त्याला आधी वाटलं तिला ताप आला. त्याने हात लावून पाहिला. खरंच ऊब होती. इतक्या वर्षांत एकाही डॉक्टरने हे लिहिलं नव्हतं.

तेवढ्यात नर्सने त्याच्या हातात बिल दिलं. बिलात फायबर लिहिलं होतं. घातलं होतं प्लास्टर. त्याच्या अंगात वीज शिरावी तसं झालं. सकाळपासून तो नुसता लोंबकळत होता, डॉक्टर काय म्हणतो ते ऐकत, आईची पर्स सांभाळत, आणि आता त्याला येणारी एक गोष्ट समोर आली होती. तो तडक काउंटरवर गेला. तिथल्या मुलीला त्याने फायबर आणि प्लास्टर यांतला फरक, त्यांचे वेगळे कोड, चुकीचा कोड गेल्यास पुढे काय होतं, सगळं समजावलं. मागची माणसं चुळबुळ करू लागली. मुलीने कंटाळून बिल बदलून दिलं. तो परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर गड जिंकल्याचं समाधान असलं पाहिजे, कारण आई म्हणाली, झालं का मनासारखं? तोपर्यंत हातावर बँडेज गुंडाळून झालं होतं, हात गळ्यात अडकवून झाला होता, आणि प्लास्टरवाला दाराशी हात पुसत जे सांगायचं ते सांगून मोकळा झाला होता. प्लास्टरवाला काय म्हणाला हे त्याने आईला विचारलं नाही. घरी जाताना टॅक्सीत त्याला जाणवलं की आपण खूश आहोत. बिलामुळे असेल, असं त्याने धरून चालायचं ठरवलं. पण बिलामुळे नव्हतं. हात बरा होईपर्यंत आई कुठे जाणार नव्हती.

काल रविवार होता. दुपारी आई खिडकीशी बसली होती, पण रस्त्याकडे पाहत नव्हती. हात मांडीवर उशीवर ठेवलेला. बँडेजच्या तोंडातून बोटं बाहेर आलेली, फुगलेली, ताणून चकाकणारी. तो पेपर वाचत होता. आई हळूच म्हणाली :

"दादा, हे जरा सैल करतोस का?"

आई त्याला दादाच म्हणायची. धाकटी म्हणायची म्हणून सगळं घर म्हणायला लागलं ते तसंच राहिलं.

"ते सैल होत नसतं, आई. कडक झालंय ते आता."

"तो प्लास्टरवाला काहीतरी म्हणत होता. घट्ट वाटलं तर –"

"आई, मी रोज हेच काम करतो."

त्याने हे ओरडून सांगितलं नव्हतं. उलट समजुतीच्या सुरात, पेपर खाली न ठेवता सांगितलं होतं. आईने मान हलवली, पोरगं जाणतं झालं की आई मान हलवते तशी. मग तो म्हणाला की उद्या संध्याकाळी दाखवायची वेळ घेतलेलीच आहे, तेव्हा डॉक्टर बघेल, आपण उगाच हात लावायला नको. आई बरं म्हणाली. आज सकाळी नखांखाली निळसर झाक होती. त्याने ती पाहिली. बोटं हलव बघू, असंही म्हणाला, आणि ती थोडी हलली, किंवा हलली असं त्याने मानलं, कारण ऑफिसची वेळ झाली होती. दाराचं लॅच जुनं होतं. एका हाताने दार आपल्याकडे ओढून धरायचं आणि दुसऱ्याने फिरवायचं, तेव्हा कुठे ते उघडे. तुला एका हाताने जमायचं नाही, ओढाताण करत बसशील, त्यापेक्षा मी बाहेरून लावून जातो, असं तो पहिल्या दिवशीच म्हणाला होता. सोय म्हणून. आज सकाळीही त्याने सोय म्हणून बाहेरून कडी घातली, कुलूप लावलं आणि ते एकदा ओढून पाहिलं.

बँडेज सोडून सैल बांधले. त्याने खुर्ची मागे ढकलली. पूर्ण की अर्धा. अर्धा. अर्धा म्हणजे वरची बाजू उघडी, तिथे नुसतं कापड, आणि हात सुजला तर सुजायला जागा असावी म्हणून तर तो अर्धा ठेवतात. हे त्याला ठाऊक होतं. नव्या पोरांना शिकवताना हे वाक्य त्याने फळ्यावर लिहिलं होतं. फळ्यावर लिहिलेलं ते आणि आईच्या मांडीवर उशीवर ठेवलेलं ते, या दोन वस्तू एकच आहेत हे त्याच्या डोक्यात कधी जुळलंच नव्हतं. कालची अख्खी दुपार ते त्याच्यापासून हातभर अंतरावर होतं. फोन करावा म्हणून हात खिशाकडे गेला आणि रिकामा परत आला. पेशंटांची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून सगळ्यांचे फोन खाली लॉकरमध्ये असायचे. आणि लॉकरपर्यंत जायला काचेचं दार होतं, ते कार्ड लावल्याशिवाय उघडत नसे, आणि शिफ्टच्या मध्ये कार्ड चालायचं नाही.

तो त्यांची टीम बघणाऱ्या लीड बाईंच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला. बाई चांगल्या होत्या, म्हणजे वाईट वागायला त्यांना सवड नव्हती. घरी जायला हवं, असं तो म्हणाला. बाईंनी विचारलं, तब्येत बिघडली का? आईचा हात, असं तो म्हणाला आणि पुढचं वाक्य त्याला सुचेना. हाताचं काय झालं हे सांगायला जे शब्द त्याच्याजवळ होते ते सगळे बाईंना पाठ होते आणि त्यांतल्या एकाचाही उपयोग नव्हता. बाई म्हणाल्या, सिस्टिममध्ये टाक, मी मंजूर करते. तो परत येऊन बसला. कारण निवडा, असं पडद्यावर आलं. स्वतःचं आजारपण. घरातील मृत्यू. नैसर्गिक आपत्ती. त्याने खालीवर शोधलं. शेजारच्या बाईने वाकून पाहिलं आणि म्हणाली, स्वतःचं आजारपण टाक रे, सगळे तेच टाकतात. पण त्याच्याने चुकीची खूण पडेना. हसू यावं अशी गोष्ट होती. ज्या माणसाने आईला खोटं इतक्या सहज सांगितलं होतं त्याचं बोट इथे अडकून बसलं होतं, आणि आईची बोटं तिकडे, कुलपाआड, बँडेजच्या तोंडातून बाहेर. अखेर शेजारणीनेच हात लांब करून त्याच्या वतीने खूण केली. मंजुरी यायला जो वेळ लागला त्यात तो काचेच्या दाराला कपाळ टेकून उभा होता.

फोन हातात आल्यावर त्याने घरी लावला. वाजत राहिला. टॅक्सीत पुन्हा लावला. आईचा फोन खिडकीशेजारच्या टेबलावर असायचा आणि ती तो उजव्या हाताने उचलायची, एवढंच कारण असेल. सिग्नलला गाड्या थांबल्या. बाजूच्या गाडीत एक माणूस शांतपणे केळं सोलत होता. त्याच्याकडे पाहता पाहता त्याला कोडिंगमधली एक जुनी शंका आठवली : बोटं काळी पडून पुढे काही कापावं लागलं तर तो कोड हाताच्या रांगेत येतो की शस्त्रक्रियेच्या? शस्त्रक्रियेच्या. म्हणजे ते बिल त्याच्याकडे येणार नाही, दुसऱ्या मजल्यावर जाईल. असा विचार आपल्या डोक्यात येऊ शकतो याची त्याला घाण वाटली, आणि तरी तो विचार आलाच, आणि लगेच त्यामागे डावा-उजवाही आला. त्याने काच खाली केली. ड्रायव्हर म्हणाला, साहेब, एसी चालू आहे. तरी त्याने काच तशीच ठेवली. बाहेरच्या धुरात निदान श्वास घ्यायला जागा होती. लहानपणी आई कारखान्यातून यायची तेव्हा तिच्या उजव्या अंगठ्यावर कात्रीच्या कडीचा खोल वळ असायचा, आणि तो वळ जाईपर्यंत तो तिच्या मांडीवर बसून अंगठा चोळायचा. त्या अंगठ्याला त्याने काल हात लावला नव्हता. लावला असता तर कळलं असतं की तो गार आहे.

जिना तो धावत चढला. कुलपात किल्ली उलटी गेली, मग सुलट, मग लॅच. दार ओढून धरायचं, फिरवायचं. दार उघडलं तर आई दाराजवळच होती, स्वयंपाकघरातली खुर्ची तिने तिथे आणून ठेवली होती. तिच्या डाव्या हातात कात्री होती. ती मोठी, जड, कारखान्यातली कात्री. कपाटातून काढून, कापडातून सोडवून घेतलेली. बँडेजच्या काठाशी तिने कात्रीचं एक पातं सरकवलं होतं आणि तिथले चार धागे उसवले होते, बाकी कापड दोन पात्यांच्या मध्ये दुमडून बसलं होतं. आयुष्यभर जिने ढिगाने कापड कापलं तिला बोटभर बँडेज कापता आलं नव्हतं. तिने मान वर केली. रडलेली नव्हती. चेहरा मात्र कुणीतरी पुसून टाकल्यासारखा झाला होता.

"उजव्या हाताची कात्री आहे," ती म्हणाली, "डाव्यात चालत नाही. घडी पडते."

तो खाली बसला. कात्री तिच्या हातातून काढून घेतली. बँडेजचं शेवटचं टोक शोधायला त्याला वेळ लागला नाही. ते कोपराजवळ समोरच होतं, चिकटपट्टीच्या दोन तुकड्यांनी बसवलेलं. त्याने चिकटपट्टी काढली. टोक सुटलं आणि तो गुंडाळी उलट फिरवू लागला. हाताखालून, हातावरून, हाताखालून. यंत्र नाही, करवत नाही, डॉक्टर नाही. बुटाची नाडी सोडावी इतकंच ते होतं. कापड मांडीवर पडत गेलं. शेवटचा फेरा निघाला आणि वरचा कापूस फुगून वर आला, खालची प्लास्टरची पांढरी पन्हळ दिसली, आणि पन्हळीत आईचा हात. वरच्या बाजूने पूर्ण उघडा. कातडीवर बँडेजच्या विणीचे वळ खोल उठले होते. त्याने कापूस बाजूला केला. दोघंही त्या हाताकडे पाहत राहिली. काही वेळ काहीच झालं नाही. नखं निळीच होती. बोट हलव, असं म्हणायचा त्याला धीर होईना. मग अंगठ्याकडून हळूहळू रंग फिरला, आणि रंगाबरोबर कळ आली असावी, कारण आईने डोळे घट्ट मिटले आणि तिच्या तोंडून जो आवाज आला तो त्याने तिच्याकडून कधी ऐकला नव्हता. ती पडली तेव्हाही ती अशी ओरडली नव्हती. तो हात धरायला गेला, पण धरायचा कुठे ते कळेना. त्याने खालून पन्हळ तेवढी दोन्ही तळव्यांवर तोलून धरली. त्याला रडू येत होतं आणि तो रडत होता.

"मला वाटलं, तुला माहीत असेल," आई म्हणाली. डोळे अजून मिटलेलेच होते. "रोज तेच करतोस ना."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, त्याला उत्तर देता आलं असतं.

दवाखान्यापर्यंत ती पन्हळ त्याने सबंध वाटभर तशीच धरून नेली. डॉक्टरने बोटं दाबून पाहिली, टोचून पाहिली, हलवायला सांगितली. चार बोटं नीट हलली. तर्जनीचं टोक बधिर होतं. ते येईल, म्हणाला, वेळ लागेल, कदाचित पूर्ण यायचं नाही. मग त्याच्याकडे वळून म्हणाला की तुम्ही घरीच सैल केलंत ते फार बरं केलंत, लोक घाबरून तसेच बसून राहतात आणि हात गमावतात. आईकडे पाहायची त्याची हिंमत नव्हती. आई आता सांगेल, असं त्याला वाटलं. सांगावं, असंही वाटलं. आई भिंतीवरच्या तक्त्यातली हाडं पाहत होती. डॉक्टर कॉम्प्युटरकडे वळून टाइप करू लागला आणि डॉक्टर काय टाइप करतो आहे ते त्याला इथून, खुर्चीवरून, पडदा न पाहताही वाचता येत होतं. बोटांना सूज. बँडेज सोडून सैल बांधले. रुग्णाला आराम. कालची दुपार त्यात नव्हती, कुलूप नव्हतं, कात्री नव्हती. ही ओळही कुणाच्या तरी टेबलावर जाईल आणि तो माणूस ती ओलांडून पुढे सरकेल.

बँडेज पुन्हा बांधायला तोच झोपाळू प्लास्टरवाला आला. त्याने आईला ओळखलं, तिरकं कापलेलं टिकलं की नाही आजी, असं म्हणाला, आणि नवं बँडेज हाताभोवती फिरवू लागला. अर्ध्यावर आल्यावर थांबून त्याने मुलाला जवळ बोलावलं. इकडे या, बघून ठेवा, परत सुजलं तर घरी तुम्हालाच करावं लागेल. बोट असं आत जायला हवं, बघा. तो पुढे झाला. या खेपेला तो काउंटरवर गेला नव्हता, बिलाकडे त्याने पाहिलंही नव्हतं. त्याने बाही मागे सारली आणि बोट पुढे केलं.

"त्याला नका दाखवू," आई म्हणाली. "मला सांगा. मी माझ्या मुलीला समजावीन. मी तिच्याकडे जाणार आहे."

ती हे अगदी साध्या आवाजात म्हणाली. प्लास्टरवाल्याने एकदा तिच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं, आणि मग आईलाच सांगू लागला. आई लक्ष देऊन ऐकत होती, मध्येच एखादा प्रश्न विचारत होती, तिने डाव्या हाताचं बोट स्वतःच बँडेजखाली सरकवून पाहिलं. तो बाजूला उभा राहिला. पुढे केलेलं बोट त्याने मुठीत घेतलं. या खोलीचं दार उघडंच होतं, बाहेरच्या बाकांवर माणसं बसलेली दिसत होती, कुणीही आत येऊ शकत होतं, कुणीही बाहेर जाऊ शकत होतं, आणि त्याला मात्र जागचं हलता येत नव्हतं.

घरी आल्यावर आई तिच्या खुर्चीवर बसली. खुर्ची अजून दाराशीच होती. कात्री जमिनीवर पडलेली होती ती त्याने उचलली, पात्यांमध्ये अडकलेले धागे काढले आणि तिच्याजवळ ठेवली. मग तो आतून स्टूल घेऊन आला. स्टुलाचे पाय फरशीवर कुरकुरले. तो वर चढला, माळ्यावरची दोन जुनी खोकी सरकवली आणि बॅगेची मूठ धरून ओढली. बॅग आपल्या वजनाने अंगावर येईल म्हणून त्याने पाय रोवले होते, खांदा ताणला होता. पण ती रिकामी होती. ती एका ओढीत, एका हाताने, त्याच्या पोटाशी आली आणि थोडी धूळ खाली आईच्या केसांवर पडली.

आईने मान वर करून पाहिलं.

"निघाली की," ती म्हणाली.

तो स्टुलावरच बॅग पोटाशी धरून उभा राहिला. उतरायला हवं होतं. खाली आई डाव्या हाताने केसांतली धूळ झटकत होती, दार उघडं होतं, आणि बॅग ठेवायची कुठे हे तिने बोटाने दाखवलं.